कारण न विचारणारी बाग

संध्याकाळी सहाच्या सुमाराला नगरपालिकेच्या कुठल्याही बागेत गेलं, तर घसरगुंडीपाशी मुलगे आणि मुली साधारण सारख्याच संख्येनं दिसतात. पाच-सहा वर्षांच्या मुली रांग मोडून पुढे घुसतात, वाळूत लोळतात, आजीनं हाक मारली तरी ऐकत नाहीत. बाकांवर आजोबा मंडळी असतात, पायवाटेवर झपझप चालणाऱ्या मध्यमवयीन बायका असतात. मधली मोकळी जागा तेरा ते वीस वर्षांच्या मुलग्यांच्या क्रिकेटनं भरलेली असते. त्याच वयाच्या मुली मात्र शोधाव्या लागतात. बऱ्याचदा त्या आत नसतातच. फाटकाबाहेर लावून ठेवलेल्या स्कूटीला टेकून दोघी-तिघी उभ्या असतात, पाठीला सॅक, हातात शिकवणीच्या नोट्स. आत जायला तिकीट नाही, कोणी अडवत नाही. तरी त्या बाहेरच थांबतात, कारण स्कूटीपाशी उभं असलं की कोणी विचारल्यावर ‘निघालोच होतो’ असं सांगता येतं.

हे पुस्तक त्या मुलींसाठी बाग कशी आखावी याविषयी आहे. पुढच्या प्रकरणांत आराखडे आहेत, झाडांची माहिती आहे, खर्चाचे अंदाज आहेत. शाळेचे मुख्याध्यापक, वसतिगृहाच्या रेक्टर, नगरसेविका, सोसायटीचे पदाधिकारी आणि उद्यानरचनेचे विद्यार्थी यांच्या हाती ते पडावं अशी इच्छा आहे. पण आराखड्याकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. तरुण मुलीला मोकळ्या जागेत बसायला आज कारण लागतं. जी बाग तिला कारण विचारत नाही, ती तिच्या मनाला उभारी देते. कट्ट्याची उंची असो, दिव्याची जागा असो की फाटकाची वेळ, या पुस्तकातला प्रत्येक निर्णय याच एका कसोटीवर घेतलेला आहे.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही शहरांत व्हिएन्नाचं नाव घ्यावं लागतं. तिथल्या नगर नियोजनकार एफा काइल यांनी १९९१ साली सार्वजनिक जागा कोणाची असा सवाल करणारं, स्त्रियांच्या रोजच्या जगण्यावरचं प्रदर्शन भरवण्यात पुढाकार घेतला. पुढच्याच वर्षी शहराच्या प्रशासनात स्त्रियांसाठी स्वतंत्र कार्यालय उभं राहिलं. १९९६-९७ मध्ये उद्यानांचा अभ्यास झाला आणि त्यात एक ठळक गोष्ट हाती आली: नऊ वर्षांचं वय उलटलं की बागेतल्या मुलींची संख्या झपाट्यानं घटते, मुलग्यांची तशी घटत नाही. कारण शोधताना दिसलं, की मोकळं मैदान एकच असेल आणि त्यावर दोघांचाही डोळा असेल, तर मुली भांडत बसत नाहीत. त्या निघून जातात. कोणी त्यांना हाकलून दिलेलं नसतं, त्यामुळे तक्रारही होत नाही आणि पालिकेच्या दप्तरात काही नोंदही होत नाही.

१९९९ पासून शहरानं मार्गारेटन या दाट वस्तीच्या भागातल्या दोन बागा नव्यानं आखायला घेतल्या, आइन्सीडलर पार्क आणि सांक्ट योहान पार्क. मोठं मैदान झाडाझुडपांनी आणि चढउतारांनी लहान लहान भागांत विभागलं. फुटबॉलच्या जोडीला व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची मैदानं आली. पायवाटा वाढवल्या, त्या दुरून दिसतील अशा ठेवल्या, दिवे सुधारले, टोळक्यानं बसता येईल असे लाकडी मंच केले. जाळी लावलेल्या मैदानाला आत जायला एकच अरुंद दार असेल, तर दारात दोन मुलगे उभे राहिले तरी ते मैदान त्यांचं होतं. म्हणून प्रवेश रुंद केले आणि वाढवले. ‘मुलींनी यावं’ अशी पाटी कुठेही लावली नाही. तरी थोड्याच काळात वेगवेगळे गट एकमेकांना न हुसकता बागेत नांदू लागले. या उदाहरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे मुलींना कोणी धीट व्हायला शिकवलं नाही. जागा बदलली. जागेनं भांडण लावणं थांबवलं.

आपल्याकडे या विषयावरचं महत्त्वाचं काम मुंबईत झालं. ‘पुकार’ या संस्थेच्या २००३ ते २००६ या काळातल्या प्रकल्पातून शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये आलं. मुंबई स्त्रियांसाठी सुरक्षित म्हणून नावाजली जाते, पण तिथेही बाई रस्त्यावर दिसते ती कामाच्या आधारानं: हातात पिशवी, काखेत फाईल, कानाला फोन, चालीत घाई. काही न करता रेंगाळणं हा तिचाही हक्क आहे, असं या लेखिकांनी ठामपणे मांडलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाजार, दवाखाना आणि गावाबाहेरचं ठिकाण या तिन्ही जागी एकटीनं जायची मोकळीक असलेल्या स्त्रियांचं प्रमाण देशभरात ४२ टक्के निघालं. या तीन ठिकाणांकडे नीट पाहिलं की तिन्ही कामाची आहेत हे लक्षात येतं. बागेत जायची मोकळीक आहे का, असा प्रश्न या यादीत नाही.

आपल्या परंपरेत मुलींनी मोकळ्या आभाळाखाली जमायची सोय नव्हती असं मात्र नाही. नवरात्रात पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरायचा, तो भोंडला. कोल्हापूर-सांगलीकडे त्याचाच हादगा होतो, विदर्भ-खानदेशात भुलाबाई बसते. नागपंचमीला झाडांना झोके बांधले जातात. मंगळागौर जागवताना फुगडी, झिम्मा, पिंगा रात्रभर चालतो आणि त्या आधी पूजेच्या पत्रीसाठी मुली रानोमाळ हिंडलेल्या असतात. गोव्यात पौष महिन्यात रात्री गावच्या मांडावर धालो रंगतो, आणि तो मांड त्या रात्री फक्त बायकांचा असतो. दम लागेपर्यंत नाचायचं, मोठ्यानं हसायचं, सासरच्यांची गाण्यातून खिल्ली उडवायची, खिरापत ओळखण्यावरून कालवा करायचा, हे सगळं यात बसतं. एरवी ‘हळू बोल’ म्हणणाऱ्या घरांनी वर्षातले काही दिवस हे मान्य केलं होतं आणि अजूनही करतात. अडचण इतकीच, की ही मोकळीक तिथीला बांधलेली आहे, बरीचशी लग्नाशी आणि व्रताशी बांधलेली आहे, आणि शहरात तिच्यासाठी अंगण उरलेलं नाही. कार्तिकातल्या एखाद्या साध्या मंगळवारी, कुठलंही व्रत नसताना, अकरावीतल्या चौघींना फुगडी घालावीशी वाटली तर त्यांनी कुठे घालावी? या पुस्तकातल्या प्रत्येक आराखड्यात एक गोल, सपाट, मोकळी जागा आहे, ती या प्रश्नाचं उत्तर म्हणून. वीस जणींनी हात धरून फेर धरला तर साडेसहा मीटरच्या आसपास व्यास लागतो. तेवढी जागा अगदी लहान आवारातही निघते. फरशी खरखरीत शहाबादी घ्यावी, पॉलिश केलेली कोटा नको, कारण पहिल्या पावसात फुगडी घालणारी मुलगी त्यावरून घसरेल. एरवी त्या जागेवर नाच बसवता येईल, पथनाट्याची तालीम होईल, कोणी नुसतं उताणं पडून आभाळ बघेल.

आता झोपाळ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बागेतल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूवर मुलींचा एवढा जीव नसतो आणि दुसऱ्या कुठल्याही वस्तूवरून त्यांना एवढं बोलून घ्यावं लागत नाही. बहुतेक बागांत झोपाळ्यापाशी ‘फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी’ अशी पाटी असते. पाटीमागचं कारण खरं आहे: लहान मुलांसाठी केलेल्या झोपाळ्याचे नळ आणि साखळ्या मोठ्यांच्या वजनानं वाकतात. पण बारा वर्षांच्या पुढच्या मुलग्याला मैदान दिलेलं असतं. मुलीला झोपाळ्यावरून उठवल्यावर दुसरं काहीच दिलेलं नसतं. रखवालदारानं शिट्टी मारून, चारचौघांत ‘एवढी घोडी झाली तरी’ म्हणून उठवलेली पंधरा वर्षांची मुलगी पुन्हा त्या बागेत सहज पाऊल टाकत नाही. उपाय साधा आहे. मोठ्यांचं वजन पेलेल असा झोपाळा बसवायचा, शक्य तर तिघी-चौघींना मिळून बसता येईल अशी बंगई, आणि तिच्यावर छप्पर. स्वीडनमधल्या उमेओ शहरात २०१६ मध्ये ‘फ्रिझोन’ नावाची अशीच एक जागा मुलींशी बोलून आखली गेली. छताखाली टांगलेली झुलती आसनं, दिवे, आणि आपलं संगीत लावायची सोय. त्या मुलींनी मागितलं होतं ते असं, की इथे आल्यावर आमच्याकडून कोणी काही अपेक्षा करू नये. उमेओच्या थंडीत आणि आपल्या उन्हात काही साम्य नाही, पण ही मागणी मी मराठवाड्यातल्या मुलींच्या तोंडून जवळपास याच शब्दांत ऐकली आहे.

मुलींना विचारल्याशिवाय आखलेली बाग मुलींची होत नाही, हे सगळेच मान्य करतात. विचारायचं कसं यावर मात्र गाडी अडते. वर्गात उभं करून ‘तुम्हाला बागेत काय हवं’ असं विचारलं की कारंजं, गुलाब आणि सेल्फी पॉइंट अशी उत्तरं येतात, कारण त्यांनी पाहिलेल्या बागांत तेच असतं. मी हल्ली कागद बाजूला ठेवते आणि मैदानावर रेघा मारायची फक्की आणवते. तालुक्याच्या गावातल्या एका मुलींच्या वसतिगृहात आम्ही तसंच केलं. जून महिना, जमीन नुकतीच ओली झालेली, आवारात एक कडुनिंब, पाण्याची टाकी आणि कपडे वाळत घालायच्या तारा. मुलींना सांगितलं, की जिथे बसावंसं वाटतं तिथे जाऊन बसा आणि स्वतःभोवती रेघ मारा. बहुतेकींनी कडुनिंबाखालची ऐसपैस जागा सोडून दिली. त्या टाकीच्या भिंतीला पाठ लावून बसल्या, कारण तिथून फाटक दिसतं आणि मागून कोणी येत नाही. रेक्टरबाईंच्या खिडकीतून त्या दिसतात, पण त्यांचं बोलणं तिथवर ऐकू जात नाही, हेही एकीनं हिशेबानं सांगितलं. दिसावं पण ऐकू जाऊ नये, हे अंतर तिनं पावलांनी मोजून दाखवलं. दुसऱ्या एका मुलीनं सगळ्यांपासून लांब, तारांच्या पलीकडे, एकाच माणसापुरता चौकोन काढला. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, “घरी फोन करायला. आईशी बोलताना रडू येतं, मग सगळ्या बघतात.” त्या चौकोनाच्या जागी आज एकटीनं बसायचा दगडी कट्टा आहे आणि त्याच्या दोन बाजूंना तगरीची झुडपं आहेत. त्या आवारात तो क्वचितच रिकामा असतो.

पाठीला आधार आणि समोर मोकळी नजर, ही माणसाची जुनी गरज आहे. इंग्लंडमधले भूगोलाचे अभ्यासक जे ॲपल्टन यांनी १९७५ साली हा विचार सिद्धान्त म्हणून मांडला: जिथून आपल्याला दिसतं आणि आपण सहजी दिसत नाही, अशी जागा माणसाला सुखावते. तरुण मुलीला ही गरज जास्त तीव्रतेनं जाणवते, कारण बागेत बसल्यावर आपल्याकडे कोण बघतंय याचा हिशेब तिचं मन सतत करत असतं. तो हिशेब थांबला, की मग तिला झाड दिसतं, पुस्तकात लक्ष लागतं, मैत्रिणीचं बोलणं नीट ऐकू येतं. म्हणून कट्टे भिंतीला, झाडाच्या बुंध्याला किंवा मातीच्या उंचवट्याला पाठ लावून असावेत. पायवाटेकडे तोंड करून ओळीनं मांडलेले बाक मुलींच्या उपयोगाचे नाहीत. त्यावर बसलेली प्रत्येक मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर मांडून ठेवल्यासारखी होते. काटकोनात किंवा तीन बाजूंनी वळलेला कट्टा घ्यावा, म्हणजे एकमेकींकडे बघून बोलता येतं. त्याची उंची ४० ते ४५ सेंटिमीटर, आणि रुंदी निदान ७५, म्हणजे मांडी घालून बसता येतं, डबा मध्ये ठेवता येतो, वही उघडता येते.

आडोसा आणि अडगळ यांतला फरक झाडांच्या उंचीत आहे. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण एक ते सव्वा मीटरवर असतात. त्यामुळे कट्ट्याभोवतीचं कुंपण ७५ ते ९० सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नये आणि मोठ्या झाडाची सर्वांत खालची फांदी सव्वादोन मीटरच्या वर ठेवावी. मधला पट्टा नजरेसाठी मोकळा राहतो. अबोली आणि एक्झोरा या उंचीला चांगली राहतात. तगर मात्र नेमानं छाटावी लागते. छाटणी चुकली की दोन पावसाळ्यांत त्याच आडोशाची भीती वाटू लागते, म्हणून माळ्याचा पगार हा सुरक्षेचाच खर्च धरावा.

दिव्यांच्या बाबतीत आपल्या गावांनी हायमास्टची सवय लावून घेतली आहे. मधोमध एक उंच खांब, त्याखाली डोळे दिपवणारा प्रकाश, आणि वर्तुळ संपलं की पुढे आधीपेक्षा गडद अंधार. कमी उंचीचे जास्त दिवे, सारख्या अंतरावर, असे असावेत की समोरून येणाऱ्याचा चेहरा दहा-पंधरा पावलांवरून ओळखू यावा. पायवाट तिघींना शेजारी शेजारी चालता येईल इतकी, म्हणजे दोन मीटरहून थोडी जास्त रुंद असावी. मुली एकामागोमाग एक चालत नाहीत, आणि वाट अरुंद असेल तर समोरून कोणी आल्यावर बाजूला चिखलात उतरायचं त्यांच्याच वाट्याला येतं. आणि बाहेर पडायचे रस्ते दोन तरी हवेत. एकच फाटक असलेली बाग आत जायच्या आधीच मनात धाकधूक घालते.

स्वच्छतागृहाचा विषय आराखड्यात नेहमी शेवटी येतो आणि पंपाच्या खोलीमागे जाऊन पडतो. तो पहिल्या दिवशी नकाशावर यायला हवा, कारण जवळ स्वच्छतागृह नसेल तर मुलगी पाणी पीत नाही, आणि पाळीच्या दिवसांत तर घराबाहेरच पडत नाही. ते वर्दळीच्या वाटेवरून दिसणारं हवं, आत नळाला पाणी हवं, झाकणाची कचरापेटी हवी, आतून नीट बसणारी कडी हवी, आणि सॅक व ओढणी अडकवायला खुंटी हवी. ही खुंटी मला अजून एकाही सरकारी नकाशात दिसलेली नाही. किंमत म्हणाल तर नगण्य, आणि ती नसली की ओल्या फरशीवर सॅक ठेवायची नाही म्हणून मुली आत जायचंच टाळतात.

झाडांवर स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. मुली बागेत कधी येतात ते बघून झाडं निवडावीत. वसतिगृहात पहाटे अभ्यासाला उठणाऱ्यांसाठी प्राजक्त आणि बकुळ, दोन्हींचा सडा सकाळी पडतो, आणि बकुळीची फुलं सुकली तरी वहीत महिनोन्‌महिने वास देतात. चार वाजता कॉलेज सुटतं त्या सुमाराला गुलबक्षी उमलते. परीक्षेच्या दिवसांत, एप्रिल-मे महिन्यांत, बहावा आणि ताम्हण फुलतात. मांडवावर जाई-जुई. कपडे धुण्याचं पाणी जिथे वाहून जातं तिथे कर्दळ आणि अळू. कण्हेर आणि बिट्टी मात्र वसतिगृह-शाळेच्या आवारात लावू नयेत, दोन्ही अतिशय विषारी आहेत आणि त्यांची जागा घ्यायला पन्नास झाडं आहेत.

परसबागेबद्दल माझं मत अनेकांना रुचत नाही, तरी सांगते. मुलींची बाग म्हटलं की मेथी-पालकाचे वाफे आणि पाणी घालायच्या पाळ्या असं चित्र लगेच उभं राहतं. पोषणाच्या दृष्टीनं त्यात तथ्य आहे; आधी उल्लेख केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला आहे. पण या मुली सुटीला घरी जातात तेव्हा पाणी भरतात, भाकऱ्या थापतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात. त्यांच्या वाट्याला आलेल्या एकुलत्या एका मोकळ्या जागेतही आपण त्यांना कामाला जुंपणार असू, तर ती बाग त्यांना विसावा कसला देणार? ज्यांना मातीत हात घालायचा आहे त्यांच्यासाठी वाफे जरूर असावेत. आपण लावलेलं वांगं धरलेलं बघून मुलीचा चेहरा उजळतो, ते सुख खरंच आहे. पण त्याची पाळी लावू नये, त्याला गुण देऊ नयेत, आणि वाफा वाळला म्हणून कोणाला बोलू नये.

बाग फक्त मुलींची असावी की सगळ्यांची, यावर या पुस्तकाच्या चर्चांमध्ये सर्वाधिक वाद झाला. दिल्लीच्या दर्यागंजमधली पर्दा बाग फक्त स्त्रियांसाठी राखलेली आहे, आणि आत बुरखा बाजूला ठेवून निवांत बसणाऱ्या बायकांना ती बाग नको असं सांगायचा अधिकार मला नाही. ज्या घरांतून मुलीला दुसऱ्या कुठल्याच जागी पाठवणार नाहीत, त्यांच्यासाठी भिंत असलेली बाग हा पहिला उंबरठा ठरतो. वसतिगृहाचं किंवा मुलींच्या शाळेचं आवार आपोआपच तसं असतं. पण गावाच्या सार्वजनिक बागेला भिंत घालून तिचा एक तुकडा मुलींना तोडून दिला, तर उरलेली बाग त्यांची नाही असं आपण त्याच भिंतीवर लिहून ठेवतो. आज त्या तुकड्याबाहेर दिसलेल्या मुलीला उद्या कोणीतरी विचारेल, ‘तुमची बाग तिकडे आहे ना?’ म्हणून सार्वजनिक बागेसाठी व्हिएन्नाची वाट मला योग्य वाटते: लहान लहान जागा, निरनिराळे खेळ, कोणाही एका गटाला सगळं बळकावता येणार नाही अशी रचना. सुरुवातीला आठवड्यातले काही तास मुलींसाठी राखून ठेवले तर धीर यायला मदत होते, पण ते तास ही पायरी आहे एवढं भान असावं.

वेळेचा मुद्दा यालाच लागून येतो. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी बागा दुपारी बंद ठेवायची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी आणि संध्याकाळी लहान मुलांसाठी त्या उघडतात. पण सकाळच्या सत्राचं कॉलेज सुटल्यावर आणि घरची संध्याकाळची कामं सुरू होण्याआधी, दुपारी बारा ते चार हाच अनेक मुलींच्या हातातला खरा मोकळा वेळ असतो. उजेड असतो, त्यामुळे घरूनही फार विरोध होत नाही. नेमक्या त्याच वेळी फाटकाला कुलूप असतं. नवीन बाग करायला पैसे नाहीत असं सांगणाऱ्या नगरपालिकेला माझी पहिली विनंती हे कुलूप उघडण्याची असते.

कॅमेऱ्यांविषयी विचारणा हमखास होते. कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो. घडत असताना उपयोगी पडतात ती आसपासची माणसं. शहरांविषयी लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ सालीच रस्त्यावर लक्ष ठेवणाऱ्या डोळ्यांचं महत्त्व सांगितलं होतं. कोपऱ्यात चहाची टपरी, वाचनालयाची खोली, गवत काढणाऱ्या मावशी, गणवेशातली सुरक्षारक्षक बाई, यांच्यामुळे मुली बसतात. कॅमेऱ्याचं चित्र मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या पडद्यावर चालू असेल आणि तिथून ते पालकांपर्यंत जाणार असेल, तर ती जागा दोन आठवड्यांत ओस पडते. फाटकावर आणि गाड्यांच्या तळावर कॅमेरे लावावेत, कट्ट्यांवर नकोत.

झाडांच्या सहवासानं मन आणि शरीर सावरतं याला आधार आहे. रॉजर उलरिक यांचा १९८४ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे: पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. नुसत्या दिसणाऱ्या झाडांनी एवढं होत असेल तर झाडाखाली रोज बसण्याचं मोल वेगळं सांगायला नको. पण बाग म्हणजे उपचार नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवं. जिची झोप उडाली आहे, जेवण तुटलं आहे, जगण्यात रस उरलेला नाही, तिला समुपदेशक आणि डॉक्टर हवेत. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावा असं आम्ही सुचवलं आहे, म्हणजे कोणाच्या नकळत तो वाचता येतो.

आत्मविश्वास वाढवण्यासाठी बागेच्या भिंतीवर कर्तबगार स्त्रियांची चित्रं आणि स्फूर्तिदायक वाक्यं रंगवायची टूम सध्या जोरात आहे. चित्रांना माझी हरकत नाही. पण मुलीला स्वतःबद्दल खात्री वाटू लागते ती रोजच्या अनुभवानं: मी इथे आले, बसले, हसले, कोणी काही विचारलं नाही, उद्या पुन्हा येईन. असे शंभर दिवस गेले, की ती बसस्टँडवरही कोपरा न शोधता उभी राहते, बैठकीत पुढच्या रांगेत बसते, ग्रामसभेत हात वर करते. हे मी होताना पाहिलं आहे आणि म्हणूनच हे पुस्तक व्हावं यासाठी धडपड केली.

आराखडे वापरणाऱ्यांना दोन सूचना. न्यूयॉर्कच्या लहान चौकांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम व्हाइट यांनी १९८० साली नोंदवलं, की जागा चांगली चालते आहे की नाही हे तिथल्या स्त्रियांच्या प्रमाणावरून कळतं. स्त्रिया जागा निवडताना अधिक चोखंदळ असतात. तीच मोजणी इथे करावी. उद्घाटनाच्या दिवसाची गर्दी धरू नये. तीन महिन्यांनी, साध्या दिवशी, दुपारी दोनला आणि संध्याकाळी साडेसहाला, तेरा ते बावीस वयाच्या किती मुली आहेत, किती वेळ बसतात, एकट्या किती आहेत हे वहीत लिहावं. एकटीनं बसलेल्या मुलींचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. आणि पहिल्याच वर्षी सगळं काँक्रीटमध्ये पक्कं करू नये. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा, निधीतला पाचवा हिस्सा राखून ठेवावा. मग पुन्हा फक्की आणवावी आणि मुलींना आवारात बोलवावं. पहिल्या वेळच्या बारावीच्या मुली तोवर निघून गेलेल्या असतील. नव्या आलेल्यांना विचारावं, आणि त्या जिथे रेघ मारतील तिथे कट्टा हलवावा.